सहा नटांपैकी चार

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आम्ही घाटाच्या तिसऱ्या वळणावर होतो आणि धुकं असं उतरलं होतं की गाडीच्या नाकापलीकडचं काही दिसत नव्हतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण उजेड नुसता नावाला. खड्डा आला, गाडी दणकली आणि मागून ‘टक्’ झालं. फार मोठं नाही, कुणीतरी दारावर एका बोटाने वाजवावं तेवढंच.

“ऐकलंत का?” मी ह्यांना विचारलं.

“पाण्याचे कॅन असतील,” हे म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि मान कासवासारखी पुढे काढलेली. “घट्ट बांध म्हणून सांगितलं होतं तुला.”

“माझे कॅन हलत नाहीत.”

म्हटलं मी तोऱ्यात. माझा स्वभावच तसा आहे. कुणी माझ्या कामात खोट काढली की मला आधी उत्तर सुचतं आणि विचार मागाहून येतो. पण पुढच्या खड्ड्याला परत तोच आवाज आला, या वेळी दोनदा. मी बाजूच्या आरशात पाहिलं. मागे धुक्यात दोन पिवळे डाग होते, आमच्या अगदी पाठीला लागलेले. ती चिमीची गाडी. चिमी आमची मुलगी. मागच्या सीटवर तिची दहा महिन्यांची पिटुकली पट्ट्यात बांधलेली. जावई कामामुळे दुसऱ्या दिवशी थेट तळ्यावर, आमच्या मुक्कामाला, येणार होता, म्हणून मायलेकी दोघीच होत्या.

आता आमच्या गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी व्हॅन घेतली. चारही चाकं ओढणारी, दगडधोंड्यांतून चालणारी. आधी ती कुठल्याशा बांधकामावर डोंगरात माणसं पोचवायची. मी तिला म्हैस म्हणते, ह्यांना आवडत नाही. आत ह्यांनी महिनाभरात पलंग, शेगडी, कपाट करून टाकलं. पण ह्यांचं खरं वेड बाहेरचं. आधी टपावर कॅरिअर आलं, मग त्यावर चढायला शिडी आली. मग पाइप आणि ताडपत्रीची गुंडाळता येणारी सावली, मग दिवे, मग पाण्याच्या कॅनचे स्टँड. सगळं घरी केलेलं, विकत काही नाही. लोक सुट्टीला बागेत जाऊन बसतात, आम्ही वर्षभर गाडीखाली लोळलो.

ह्यांचा उजवा खांदा छापखान्याने खाल्लाय. चौतीस वर्षं मशीन चालवलं, आता तो हात खांद्याच्या वर जात नाही आणि जोर लावला की रात्रभर ठणकतो. म्हणून आमची पद्धत ठरलेली: हे नट बोटांनी बसवणार, मी पान्याने ओढणार. आणि ओढून झाला की मी त्यावर लाल नेलपॉलिशची एक रेघ मारणार, अर्धी नटावर आणि अर्धी पत्र्यावर. नट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. ही अक्कल माझी. मी कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. शिवण, काजं, बटणं बघायची आणि खडूने खूण करायची. माझी खूण असलेला कपडा कधी परत आला नाही. हेही माझ्यामागे कधी बघायला जात नसत. “तुझी रेघ आहे ना, मग झालं,” म्हणायचे.

तिसऱ्यांदा आवाज आला तसे मी डोळे मिटून मनातल्या मनात गाडीभोवती फिरायला लागले. कॅरिअरचे बारा नट मीच ओढलेत, हात भरून आले होते त्या दिवशी. शिडीचे आठ. सावलीचे सहा, तेव्हा ऊन होतं. दिव्यांचे चार. मागच्या दारावर स्टेपनीचा सांगाडा, त्याचे सहा. आणि तिथे मी थांबले.

मी डोळे उघडले.

गुरुवारची संध्याकाळ. गाडीखाली पाण्याची टाकी बसवायची म्हणून ह्यांनी स्टेपनी तिथून काढली आणि मागच्या दारावर लोखंडी सांगाडा करून त्यावर चढवली. सांगाड्याला सहा बोल्ट. मी खालचे दोन ओढले, रेघा मारल्या आणि वरच्या चारांसाठी उभी राहिले. उभी राहिले तर गाडीच्या कुशीला ह्यांनी नवीन घडीचं टेबल लावलेलं दिसलं. फळी ओळखीची वाटली. कडेला करपल्याचा डाग. ते माझं इस्त्रीचं टेबल होतं. वीस वर्षं ज्यावर मी घरच्या कपड्यांना इस्त्री केली ते टेबल ह्यांनी पाय कापून गाडीला लावलं होतं, मला न विचारता.

“तू हल्ली इस्त्री करतेस कुठे,” हे म्हणाले.

मी डोक्यात राख घालून घेतली. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. आणि मग, बोलून झाल्यावर, मी पाना उचललाच नाही. बाटली उघडली आणि वरच्या चारही नटांवर लाल रेघा ओढल्या. का ओढल्या? कारण रेघ दिसली नसती तर ह्यांनी हाक मारली असती, “अगं, वरचे राहिले,” आणि मला त्या संध्याकाळी ह्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नव्हतं. सकाळी उठून ओढू, असं मनात होतं. खरंच होतं. पण सकाळी चिमी पिटुकलीला घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्या डोक्यातून नट, पाना, टेबल सगळं पुसलं गेलं.

कारखान्यात एका पोरीने न बघता पन्नास शर्टांवर खुणा केल्या होत्या. तिला मी टेबलावरून उठवलं होतं, सगळ्यांसमोर.

आरशात ते दोन पिवळे डाग आणखी जवळ आले. स्टेपनी आणि सांगाडा मिळून पन्नास किलोच्या आसपास. गाडी चढाला होती, म्हणजे सगळं वजन मागे ओढत होतं. सुटलं असतं तर रस्त्यावर पडलं नसतं. सरळ चिमीच्या काचेवर गेलं असतं.

मी फोन लावला. सुदैवाने लागला.

“चिमे, अंतर ठेव जरा.”

“आई, अंतर ठेवलं की तुमचे दिवे दिसत नाहीत,” ती म्हणाली. आवाज हसरा होता, पण आतून टरकलेला, मला कळतो तो. “मी तुमचे लाल दिवे धरूनच चाललेय. बाबांना सांग, मागचे दिवे एक नंबर लावलेत. ते नसते तर मी खालूनच परत फिरले असते.”

“तरी ठेव. धूळ उडते.”

“धुक्यात कुठली धूळ?”

“दगड उडतात.”

“आई, तू घाबरवू नकोस गं मला. ही झोपलीये, मी—” आणि फोन तुटला. परत लावला तर लागेना.

तेव्हाच सांगायला हवं होतं ह्यांना. नवरा बाजूला बसलाय, हातभर अंतरावर, आणि मी तोंड उघडेना. मनाची समजूत घालत होते की इथे थांबता कुठे येतंय. डाव्या हाताला कातळ, उजवीकडे दरी, रस्ता एका गाडीचा. अचानक थांबलो तर मागून पोरच येऊन आदळायची. हे सगळं खरं होतं. पण मी खोटं कशाला बोलू, मला भीती दोन होत्या. एक, चाक पडेल. दुसरी, ह्यांना कळेल. आणि सांगायला लाज वाटते, पण चांगली पाच मिनिटं ती दुसरी मोठी होती. सव्वीस वर्षं मिरवलेली बाई मी. माझ्या रेघेवर ह्यांनी मान ठेवली असती.

पुढच्या वळणावर एक दगड चाकाखाली आला. गाडी एका बाजूला कलली, परत सरळ झाली. मागून टक् नाही, खाडकन आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी बारीक, किणकिणत, रस्त्यावर घरंगळत गेलं.

“ते काय पडलं?” हे म्हणाले.

“स्टेपनीचा नट.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “अहो, ऐका. स्टेपनीचे वरचे चार नट मी ओढले नाहीत. नुसत्या रेघा मारल्या.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावरची नजर काढता येत नव्हती म्हणून, की बघायचं नव्हतं म्हणून, मला माहीत नाही.

“चारही?”

“चारही.”

“खालचे दोन?”

“ते ओढलेत. देवाशपथ ओढलेत.”

“चिमी किती मागे आहे?”

“पाठीला लागलीये. दिवे धरून चाललीये.”

ह्यांनी वेग कमी केला, हळूहळू, ब्रेक न मारता, माणूस चालतो तेवढा केला. मग म्हणाले, “मागे जा. काच सरकव आणि हात घालून सांगाड्याचा वरचा दांडा धर. थांबायला जागा मिळाली की थांबवतो.” एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. मला वाटलं ओरडले असते तर माझ्या हातापायात जीव तरी आला असता.

मी दोन सीटच्या मधून मागे घुसले. पलंगावर गुडघे टेकत, कपाटाला धरत, मागच्या दारापर्यंत रांगत गेले. काचेतून पाहिलं. चाक मान डोलवत होतं. प्रत्येक खड्ड्याला वरून सुटून मागे जायचं आणि परत येऊन दारावर आपटायचं. पाहुणा गप्पा ऐकताना मान हलवतो तसं, होय होय, होय होय. आणि त्याच्या पलीकडे, दोन हातांवर, चिमीच्या गाडीचं बॉनेट.

काच सरकवली. गार धुकं तोंडावर आलं. मी खांद्यापर्यंत हात बाहेर घातला आणि दांडा पकडला. लोखंड ओलं होतं. पुढचा खड्डा आला तसं सगळं वजन माझ्या बोटांत आलं आणि खांद्यापर्यंत कळ गेली. पन्नास किलो माझ्या एका हाताने थांबणार होते थोडेच, हे मला कळत होतं. तरी सोडायची ताकद नव्हती. दुसरा हातही बाहेर काढला आणि चिमीला खूण केली, मागे जा, मागे जा.

तिने दोनदा दिवे लुकलुकवले. तिला वाटलं आई टाटा करतेय. आणि गाडी आणखी पुढे आली, कौतुकाने.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. धुकं आणि इंजिन आणि बंद काचा, तिला काय ऐकू येणार. काचेमागे तिचा चेहरा अंधुक दिसत होता, हसणारा. माझ्या बोटांखाली आणखी एक नट सैल होऊन फिरत असलेला मला जाणवत होता. त्यावरची लाल रेघ मधोमध तुटलेली होती, अर्धी पत्र्यावर आणि अर्धी नटाबरोबर गोल गोल फिरणारी. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, पोरीच्या आधी माझा हात जाऊ दे. किती वेळ गेला सांगता येत नाही. हे नंतर म्हणाले, चार मिनिटं. असतील.

मग गाडी डावीकडे झाली, चाकांखाली खडी वाजली आणि आम्ही थांबलो. रस्ता दुरुस्तीवाल्यांनी खडी टाकायला केलेली थोडी मोकळी जागा होती. चिमीची गाडी आमच्या मागे येऊन थांबली, इतकी जवळ की मी हात लांबवला असता तर तिचं बॉनेट लागलं असतं.

“गाडी मागे घे आधी,” हे उतरून तिला म्हणाले. “मग ये.”

ती आली तेव्हा पिटुकली तिच्या कडेवर होती, झोपमोड झाल्याने रडवेली. मी अजून आतून दांडा धरूनच होते. ह्यांनी बाहेरून चाकाला खांदा लावला आणि म्हणाले, “सोड आता.” माझी बोटं सुटेनात. ह्यांनी एकेक करून सोडवली.

वरच्या चारांपैकी दोन नट गायब होते. तिसरा शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. चौथा हाताने फिरवला तर भिंगरीसारखा फिरत निघाला. चिमीने ते पाहिलं, मग स्वतःच्या गाडीच्या काचेकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे. तिचा रंग उतरला.

“हे असं कसं झालं, बाबा?”

“माझ्याकडून राहिलं,” हे म्हणाले. “ओढायचे राहून गेले.”

“राहून गेले? बाबा, मी हिला घेऊन तुमच्यामागे—” ती बोलता बोलता थांबली, पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “तुम्ही ना, नुसती हौस. एक काम धड नाही. आईला तरी एकदा बघायला सांगायचं होतं. तिच्या नजरेतून सुटलं असतं का हे?”

हे वाकून पाना शोधत राहिले. मला तिथे उभं राहवेना. घाटात चाक धरून होते तेव्हा भ्यायले होते त्यापेक्षा मी आता जास्त भ्यायले होते, कारण आता गप्प बसणं फार सोपं होतं. ह्यांनी सुटकेचं दार उघडून ठेवलं होतं, मी नुसतं आत जायचं होतं.

“मी केलंय ते,” मी म्हटलं. “ह्यांनी नाही. माझं ह्यांच्याशी भांडण झालं होतं. मी नट न ओढता रेघा मारल्या. तुला फोन केला तेव्हा मला माहीत होतं.”

चिमी माझ्याकडे बघत राहिली. “माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू मला धूळ उडते म्हणालीस.”

मी मान हलवली. यावर ती चिडली असती तर मला झेपलं असतं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. पण ती माझ्यासारखी नाही. ती नुसती पिटुकलीच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

आम्ही दोघांनी मिळून चाक खाली काढलं आणि आत पलंगावर टाकलं. सांगाडाही काढून टाकला. आता दारावर पडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं निघायचं. पण ह्यांनी पाना हातात घेतला आणि शिडीपाशी गेले. पहिल्या नटावर पाना लावला आणि ओढून बघितला. घट्ट होता. दुसऱ्यावर लावला. माझी लाल रेघ अखंड होती त्यावर, स्वच्छ दिसत होती.

“अहो, ते मी ओढलेत.”

“असतील.”

“द्या, मी ओढून दाखवते. तुमचा खांदा दुखेल.”

“नको,” हे म्हणाले, आणि तिसऱ्याला लावला. शिडीचे आठ, मग सावलीचे सहा, मग दिव्यांचे चार. कॅरिअरचे बारा नट टपाशी होते, तिथे ह्यांचा हात जात नाही. डाव्या हाताने उजव्याला कोपरातून टेकू देऊन देऊन त्यांनी तेही बघितले, दात आवळून. एकही सैल निघाला नाही. मी खडीवर उभी राहून बघत होते. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यामागे पहिल्यांदा तपासलं.

होईस्तोवर चिमीने पोरीला सीटमध्ये बांधलं होतं. पट्टा ओढून बघितला, परत ओढून बघितला. मग माझ्यापाशी आली.

“आई, आम्ही पुढे निघतो.”

“अगं, धुकं आहे अजून. चाक आत टाकलंय बघ, आता काही भीती नाही. तू आपली मागून ये, दिवे धरून.”

“नको,” ती म्हणाली. “हळू जाईन मी.”

“तुला धुक्यात भीती वाटते.”

“वाटते ना,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

ती आमच्या बाजूने वळसा घेऊन पुढे गेली. मी हात केला. तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. ह्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही तिच्यामागे निघालो. तिचे दोन लाल दिवे थोडा वेळ दिसले, मग एकच दिसायला लागला, मग त्या जागी नुसतं पांढरं झालं.

“जरा जवळ घ्या ना,” मी म्हटलं.

ह्यांनी घेतली नाही. उजवा हात मांडीवर ठेवून एका हाताने चालवत होते. मी काचेला नाक लावून बसले आणि पुढचं वळण येईपर्यंत तिचे दिवे शोधत राहिले.